सात नंबरचा स्पॉट

माघ संपत आला की अकोल्यात ऊन एका आठवड्यात मोठं होतं. सकाळी शाल लागते आणि अकराला पंखा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाट्या बांधावर रचलेल्या दिसतात, चौकात संत्र्यांच्या गाड्या उभ्या राहतात आणि आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलचा सीझन लागतो. इथे लोक कापसाचा सीझन म्हणतात, लग्नाचा म्हणतात. आम्हा प्राणिशास्त्रवाल्यांचा सीझन हा. वर्षभर न दिसलेली मुलं जर्नल छातीशी धरून दारात उभी राहतात. "मॅडम, एकच सही राह्यली." ती एक सही उघडून पाहावी तर अकरा निघतात. मी रागावते आणि सगळ्या करून टाकते. गेली पंचवीसेक वर्षं हेच चाललं आहे.

पूर्वी या दिवसांना एक वास असायचा, फॉर्मलिनचा. तो नाकाआधी डोळ्यांत जातो. प्रयोगशाळेत शिरलं की दोन मिनिटं सगळ्यांचे डोळे पाणावलेले, जणू वर्गात कोणी गेलंय. आता विच्छेदन बंद झालं. गोगलगाय संगणकावर उघडते. एकदा क्लिक केलं की कवच निघतं, दुसऱ्यांदा केलं की काळीज दिसतं, आणि चुकलं तर सगळं पुन्हा जिथल्या तिथे. मी काही या बदलाविरुद्ध नाही. कितीतरी गोगलगाई वाचल्या, चांगलं झालं. पण चुकलेलं जिथल्या तिथे जात नसतं, हे मुलांना आता कुठे कळतं कोण जाणे.

यंदा आणखी एक काम निघालं. म्युझियम म्हणून जी आमची लांबट खोली आहे, तिथल्या जुन्या बरण्या काढून टाकायच्या ठरल्या. फॉर्मलिन तब्येतीला वाईट, जागाही हवी. त्याआधी कोणत्या बरणीत काय आहे त्याची यादी करायची. विभागात वयाने मी मोठी, म्हणून यादी माझ्याकडे आली. दोन दिवसांत अमीबापासून गांडुळापर्यंत उतरले. तिसऱ्या दिवशी मृदुकाय संघाच्या, म्हणजे गोगलगाई-शिंपल्यांच्या, कपाटापाशी आले आणि माझा हात मंदावला. कायटन लिहिलं, पायला लिहिलं, शिंपला लिहिला. पुढच्या बरणीत पांढरट पडलेला, लिंबाच्या फोडीएवढा एक चपटा गोळा होता. चिठ्ठी गळून पडली होती. मला चिठ्ठीची गरज नव्हती. तरी मी पेन खाली ठेवलं, खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि बाबांची आठवण येऊन रडले.

बाबा अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. मुलं त्यांना नुसतं 'काका' म्हणत. शाळा सातवीपर्यंत. पण म्युझियमच्या दारात उभं राहून दरवर्षी तेच व्याख्यान ऐकून ऐकून त्यांना सगळे संघ पाठ झाले होते. मृदुकाय त्यांचे सगळ्यात लाडके. मी आठवीत असताना त्यांनी मला जमिनीवर खडूने आकृती काढून सांगितलं होतं, "याच्यात चारच गोष्टी असते पाह्य. डोकं, पाय, पोटाचं गाठोडं, आन् त्याच्यावरून एक पांघरूण. ते पांघरूणच कवच तयार करते. घर बाहेरून कोनी बांधून देत नाई त्यायले." पुढे बी.एस्सी.ला जाड पुस्तकातून मस्तक, पाद, आंतरांगांचा पुंज आणि प्रावार वाचलं, तेव्हा मला ती खडूची आकृतीच दिसत राहिली.

वर्गीकरणही त्यांचं असंच. या संघात पाय पाहायचा, बाकी काही पाहायचं नाही, असं ते सांगत. पोटच टेकवून सरकते ती गोगलगाय, म्हणजे उदरपाद. चिखलात कुऱ्हाडीच्या पात्यासारखा पाय खुपसतो तो शिंपला. डोक्यालाच पाय फुटले ते माकूल आणि अष्टपाद. पाठीवर आठ फळ्या एकीला एक लागून, तो कायटन. आणि हत्तीच्या सुळ्यासारखी पोकळ नळी, दोन्हीकडून उघडी, ती डेंटालियम. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. अमरावतीहून समुद्र किती लांब आहे ते आम्हाला नकाशातच माहीत. पण समुद्राच्या तळाशी कोण कसं चालतं हे बाबा राजापेठेत भाजी घेता घेता सांगायचे, आणि भाजीवाली म्हणायची, "काका, आधी मेथी सांगा किती जुड्या."

प्रॅक्टिकलच्या आधी पंधरा दिवस ते गोगलगाई आणायला निघत. भातकुलीकडे एक तळं होतं, तिथे पायला जातीच्या मिळायच्या. शिंपले पूर्णेच्या पात्रात. मी रविवारी त्यांच्याबरोबर जायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी पूर्णेला पाणी थोडं आणि गढूळ, काठावर पांढरा खार फुटलेला. बाबा धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरत आणि पायानेच शिंपला शोधत. डोळ्यांनी शोधणारा नवखा, असं त्यांचं मत. सापडला की बोटाच्या चिमटीत धरून मला दाखवत. शिंपल्याच्या फटीतून मऊ पिवळसर पाय किंचित बाहेर डोकावे आणि आत जाई. पोतडीत ओलं गोणपाट, त्यात शंभरेक जीव, आणि बसमध्ये कंडक्टर विचारी, "काय हाय वो काका, खाचं हाय काय?" बाबा म्हणत, "शिकाचं हाय."

त्यांना मारायची एक रीत होती. गोगलगाय तशीच फॉर्मलिनमध्ये टाकली तर ती आत आक्रसून दार लावून घेते. मग ती कापायची तर कवच फोडून चेंदामेंदा होतो. म्हणून बाबा पाणी उकळून गार करत. उकळलेल्या पाण्यात हवा उरत नाही. बरणी काठोकाठ भरायची, गोगलगाई सोडायच्या आणि झाकण घट्ट लावायचं. श्वास मिळेना की त्या हवेच्या शोधात अंग पूर्ण ताणून बाहेर येतात, नळी वर करतात, आणि तशाच ताणलेल्या राहतात. पायलाला कल्ला असतो आणि फुप्फुसही. पाण्यात एक चालतो, हवेत दुसरं. बाबांच्या बरणीत दोन्ही बंद. मी एकदा विचारलं होतं, "बाबा, तुमाले काही वाटत नाई?" ते झाकण पुसत म्हणाले, "वाटते ना. म्हनून तं एकही वाया जाऊ देत नाई." खरंच, त्यांच्या हातची गोगलगाय कधी कोणाकडून वाया गेली नाही.

आता मूळ गोष्टीकडे यायला हवं. मी तिला वळसे घालत आले आहे, हे मला कळतंय.

स्पॉट म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगते. प्रॅक्टिकलला टेबलांवर दहा बरण्या मांडतात. नाव ओळखायचं, वर्ग लिहायचा, दोन लक्षणं लिहायची. प्रत्येक बरणीला दीड मिनिट, मग घंटी, मग पुढची बरणी. बरण्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या अर्थातच आधी काढाव्या लागतात. ते काम बाबांचं. हौदात बरण्या भिजवून ते चिठ्ठ्या अलगद सोडवत, वर्तमानपत्रावर ओळीने वाळत घालत आणि बरणीवर नुसता आकडा लावत. परीक्षा संपली की मैद्याची खळ शिजवून ज्याची त्याची चिठ्ठी पुन्हा चिकटवत. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे. अक्षरांचं चित्र लक्षात ठेवून ते काम करत, आणि वीस-बावीस वर्षांत त्यांची एकही चिठ्ठी चुकली नव्हती. मी त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होते त्या साली चुकली. त्यांना मोतीबिंदू उतरत होता आणि त्यांनी तो कोणाला सांगितला नव्हता. दोन बरण्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. अप्लीशियाच्या बरणीवर डोरिस, डोरिसच्या बरणीवर अप्लीशिया.

दोन्ही समुद्रातल्या गोगलगाई. फॉर्मलिनमध्ये वर्षानुवर्षं राहून दोन्ही आक्रसलेल्या आणि सारख्याच पांढऱ्या पडलेल्या. जो तो चिठ्ठी वाचून पाठ करतो, बरणीत कोण बघतं? सरही बघत नव्हते. दुसऱ्या वर्षी आम्हाला मृदुकाय होते, आणि आमची सगळी तुकडी त्या दोन चिठ्ठ्यांवरून शिकली.

मला कळलं ते दिवाळीच्या सुट्टीनंतर. मी बाबांना बरण्या पुसू लागत होते. एक बरणी उन्हात धरली आणि दिसलं की या जिवाच्या पाठीवर बारीक बारीक दाणे आहेत, पुढे शिंगांची एकच जोडी आहे, आणि मागच्या बाजूला, आत ओढलेला पण दिसतो आहे, कल्ल्यांचा एक छोटा झुबका. अप्लीशियाला शिंगांच्या दोन जोड्या हव्यात आणि दोन्ही कडांना पदरासारखे पंख. मी दुसरी बरणी धरली. पंख तिथे होते. पुस्तकात नाही, चिठ्ठीवर नाही, माझं मलाच काहीतरी कळलं होतं. अभ्यासातला एवढा निखळ आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. खरं सांगायचं तर नंतरही नाही.

बाबा दोन हात अंतरावर उभे होते. "काय पाह्यतं वं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाई. डाग हाय काचेवर."

का म्हटलं तसं? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की बाबांना वाईट वाटू नये म्हणून. ते थोडं खरं आहे. त्यांच्या कामातली चूक त्यांना त्यांच्या मुलीने दाखवायची, हे मला सोसलं नसतं. पण उरलेलं खरं असं आहे की वर्गात शिकवणी लावलेली मुलं होती, घरात डॉक्टर असलेल्या मुली होत्या, आणि मी काकांची पोरगी होते. पहिल्यांदाच असं काही होतं जे फक्त मला माहीत होतं. ते मला वाटून टाकायचं नव्हतं. परीक्षा झाली की सांगू, असं मी ठरवलं.

वनिता माझी मैत्रीण. दर्यापूरची. रोज सकाळी वडापच्या जीपने यायची, वेणीवर धूळ, पायांवर धूळ, आणि पहिला तास हमखास बुडालेला. मी बुडालेल्या तासाची वही तिला द्यायची आणि ती मला डब्यातली ज्वारीची भाकरी व ठेचा. माझ्या बोटांना आकृती येत नसे. माझ्या जर्नलातल्या निम्म्या आकृत्या तिच्या हातच्या. पायलाच्या चेतासंस्थेची तर ती अशी काढे की सर वही फिरवून वर्गाला दाखवत. त्या आकृतीत चेतातंतूंचा इंग्रजी आठ होतो. गोगलगाय अगदी लहान असताना तिचं अंग अर्ध्या वर्तुळात पिरगळतं, मागचं पुढे येतं, आणि डावी-उजवीकडचे चेतातंतू एकमेकांवर चढतात. मग जन्मभर ती तो पीळ घेऊन चालते. अप्लीशिया आणि डोरिस त्याच वर्गातल्या, पण त्यांचा पीळ पुन्हा उलगडत जातो. मात्र त्या वाटेवर कवच जातं. एकीचं आत नावापुरतं उरतं, दुसरीचं तेवढंही नाही. हे मी दरवर्षी शिकवते. मुलं लिहून घेतात आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते.

परीक्षेच्या आठ दिवस आधी आम्ही दोघी म्युझियममध्ये उजळणी करत होतो. वनिता त्या बरणीशी थांबली. आकृत्या काढणारीचे डोळे ते, फसतील कसे?

"सुजाता, याच्या अंगावर तं दाणे दाणे दिसून राह्यले," ती म्हणाली. "पुस्तकात अप्लीशियाले पदर दाखवले ना?"

मी म्हटलं, "आकसते ते बरनीत. चिठ्ठीवर लिवलं हाय ना अप्लीशिया."

"पक्कं?"

"बाबानं लावली ना चिठ्ठी."

तिने मान हलवली आणि पुढच्या बरणीकडे गेली. एवढंच झालं. मी शांतपणे बोलले होते, आवाजही कापला नव्हता, आणि त्याचंच मला आज जास्त भय वाटतं.

प्रॅक्टिकलला सात नंबरचा स्पॉट तोच होता. घंटी बाबा वाजवत. पितळेची छोटी घंटी, डाव्या हातात घड्याळ डोळ्यांशी अगदी जवळ धरलेलं. मी सातवर आले, नाव, वर्ग, दोन लक्षणं लिहिली आणि उरलेला वेळ बरणीकडे बघत उभी राहिले. वनिता माझ्यापुढे एक टेबल होती. आठव्या स्पॉटसमोर उभी राहून ती मान खाली घालून काहीतरी खोडत होती. घंटी झाली तरी खोडतच होती. बाबांनी हळूच म्हटलं, "चाला बाई, पुढं चाला."

पेपर तिथेच तपासत. आम्ही तोंडी परीक्षेसाठी बाहेर व्हरांड्यात बसलो होतो, दार अर्धं उघडं होतं. बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, एक मुलगी सोडून सगळ्या वर्गानं सातवा चुकवलाय, हे काय आहे? मग बरणी उचलल्याचा आवाज. मग आमच्या विभागप्रमुखांनी बाबांना हाक मारली. ते काय काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही. डोळ्यांवरून बोलले, शिक्षणावरून बोलले, आणि शेवटी, तुम्हा लोकांना कामावर ठेवलं हेच चुकलं, असंही बोलले. छत्तीस मुलं व्हरांड्यात खाली बघत बसली होती. वनिताने माझा हात धरला होता. मी तो सोडवून घेतला नाही.

चुकलेल्यांपैकी कोणालाच मार्क मिळाले नाहीत. परीक्षक म्हणाले, विद्यार्थ्यानं बरणी बघायची असते, चिठ्ठी नाही. बोलणं बरोबरच होतं. आमच्या सरांनीही मुलांसाठी रदबदली केली नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी जेवताना विचारलं, "तू काय लिवलं?"

"डोरिस."

ते थांबले. मग म्हणाले, "बरं केलं." त्यांचा चेहरा उजळला होता. त्या दिवशी दुसरं काहीच त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं, एवढंच आलं. मी तेव्हा कसं सांगणार होते की मला आजच कळलेलं नाही, चार महिन्यांपासून ठाऊक आहे? आईने वाढलेलं पिठलं मी मुकाट्याने संपवलं.

पुढच्या आठवड्यात त्यांना प्रयोगशाळेतून काढून पाण्याच्या टाकीवर टाकलं. निवृत्तीला सहा वर्षं होती. ती त्यांनी नळ उघडण्यात आणि बंद करण्यात घालवली. मोतीबिंदू काढला, नजर स्वच्छ आली, पण म्युझियमची किल्ली परत आली नाही. दर माघात ते अस्वस्थ होत. नव्या माणसाने गोगलगाई थेट फॉर्मलिनमध्ये टाकल्या, मुलांनी कवचं फोडली, असं कानावर आलं की जेवत नसत. मी एम.एस्सी. झाले, अकोल्याला लागले. ते सगळ्या नातेवाइकांना सांगत, साऱ्या वर्गात एकटीनं बरोबर लिवलं होतं पोरीनं. दरवेळी मी उठून आत जात असे. लोकांना वाटे, लाजते.

वनिताचा बी.एस्सी.चा पहिला वर्ग चार मार्कांनी गेला. त्यामुळे तिला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला नाही, घरच्यांनी पुढे थांबूही दिलं नाही. स्पॉट तीन मार्कांचा होता. चार आणि तीन. मधला तो एक मार्क मला तीस वर्षं पुरला. तो स्पॉट बरोबर आला असता तरी तिचा वर्ग गेलाच असता, असं मी स्वतःला किती वेळा बजावलं असेल, त्याला गणती नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत अमरावतीला गेले होते. बाबा अंगणात खाटेवर उन्हात बसले होते. ब्याऐंशीचं वय, अंग वाळलेलं, पण डोकं लख्ख. त्यांनी विचारलं, प्रॅक्टिकल केव्हा हाय? आणि मला एकाएकी वाटलं की हा माणूस आता फार दिवस असं विचारायला असणार नाही. मी बसले आणि सांगून टाकलं. दिवाळीनंतर कळलं होतं. तुमच्याबरोबर बरण्या पुसताना पाहिलं होतं. डाग नव्हता काचेवर. तुमचं काम गेलं ते माझ्यामुळे. मी आधी बोलले असते तर दोन चिठ्ठ्या बदलून गोष्ट संपली असती.

मला वाटलं, रडतील किंवा माझ्या डोक्यावर हात ठेवतील. तीस वर्षं मी या दोनच गोष्टींची तयारी केली होती.

"मायं सोड," ते म्हणाले. "डोये माये गेल्ते. मी सांगतलं नाई कोनाले, म्हटलं काम जाईन. मले बोलनं बसलं ते माह्याच चुकीचं बसलं." मग माझ्याकडे पाहिलं. "पन त्या पोट्ट्यायनं काय केलं होतं? तुले माहीत होतं तं त्यायले तरी सांगाचं."

मी खाटेवरची त्यांची शाल घडी घालायला घेतली.

"ते दर्यापूरची होती ना, तुह्याजवळ बसे? आठव्या स्पॉटवर खोडत बसली होती, मी घंटी वाजवली. तिचा आठवा कोराच राह्यला. मी पाह्यला तिचा कागद, गोळा करताना."

"वनिता," मी म्हटलं.

"हव, वनिता. तिले सांगतलं काय तू?"

"नाई."

"सांग मंग," ते म्हणाले, आणि खाटेवरच्या सतरंजीची वळलेली कड सारखी करत बसले. आईने चहा आणला. त्यांनी अर्धा मला बशीत ओतून दिला.

भादव्यात बाबा गेले. विहारात वंदना झाली, त्यांच्या हाताखालून गेलेली कितीतरी पिकल्या केसांची मुलं आली. एकाने मला सांगितलं की काकांच्या हातची गोगलगाय म्हणजे लोण्यासारखी कापली जायची. मी शोधत होते त्या गर्दीत वनिता नव्हती. तिला कोण कळवणार होतं?

वनिता बार्शीटाकळीला असते. अंगणवाडीत आहे, मुलं मोठी झाली, हे मला कधीचं माहीत आहे. अकोल्याहून बार्शीटाकळी अर्ध्या तासावर. तीस वर्षांत मी त्या रस्त्याने चार जिल्हे फिरले, पण तिथे उतरले नाही. बाबा गेल्यापासून तीनदा बसस्टँडपर्यंत गेले आणि परत आले. एकदा तर तिकीटही काढलं होतं. तोंडाने बोलणं मला जमत नाही, हे मी अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीच दाखवून दिलं होतं. लिहिणं जमतं, म्हणून हे लिहिलं. हे छापून आलं की पहिला अंक मी स्वतः तिच्या दारात नेऊन देणार आहे. तोवर निदान इथे तरी सांगते.

वनिता, परीक्षेनंतर जिना उतरताना तू मला म्हणाली होतीस, "मी आधी डोरिसच लिवलं होतं. मंग खोडलं. म्हटलं, सुजाताले जास्त माहीत." तू हे रागाने नाही, सहज म्हणाली होतीस, आणि वर माझ्या बाबांसाठी हळहळली होतीस. ते खोडण्यात तुझा वेळ गेला आणि आठवा कोरा राहिला. तीन आणि तीन सहा होतात. तुझा वर्ग चार मार्कांनी गेला.

तू बरोबर होतीस. ती डोरिसच होती, आणि मला माहीत होतं.